ग्रीक बेटांमधून छोट्या बोटीने: आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या सप्टेंबरात मी, माझा नवरा आणि माझी ७२ वर्षांची आई असे तिघं ग्रीसला जाऊन आलो. आठ दिवस, एक छोटी बोट आणि सोबत एक गाइड. परतल्यापासून कोल्हापुरात कुणी भेटलं की तेच प्रश्न येतात, आणि फोनवर मी प्रत्येकाला काहीतरी अर्धवट सांगते. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढलं आहे.

छोटी बोट म्हणजे नेमकी किती छोटी?

आमच्या बोटीवर ३८ प्रवासी होते आणि कॅप्टन, खलाशी, स्वयंपाकी मिळून ११ माणसं. दोन मजल्यांवर केबिन, जेवणाची एक खोली आणि वर उघडा डेक. लिफ्ट नाही, दुकानं नाहीत, रात्रीचे कार्यक्रम नाहीत. पोहायचं असेल तर एखाद्या शांत खाडीत नांगर टाकायचे आणि मागच्या शिडीवरून आम्ही थेट समुद्रात उतरायचो.

मोठ्या क्रूझवर दोन-तीन हजार माणसं असतात. ती जहाजं लहान बंदरांत शिरूच शकत नाहीत. आमची बोट गावाच्या धक्क्यालाच लागायची. पुढून नांगर सोडायचा, मग पाठमोरं सावकाश मागे यायचं, दोर फेकायचे, फळी टाकायची. फळी ओलांडली की समोर बेकरी, शेजारी जाळी सोडवत बसलेले कोळी. रात्री जेवून आपल्या पायांनी गावात एक चक्कर मारून परत यायचं. आईला हे सगळ्यात आवडलं.

फेरीबोटीने स्वतःच फिरता येत नाही का? स्वस्तही पडेल.

येतं, आणि स्वस्त पडतं. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून बहुतेक बेटांना फेरी आहेत. तुमच्यात दमखम असेल, सामान उचलून रोज नवं हॉटेल गाठायची तयारी असेल, तर जरूर तसं करा. आई बरोबर होती म्हणून आम्ही बोट निवडली, हे खरं कारण.

पण गेल्यावर दुसरं कारण सापडलं. आम्ही फिरलो त्या बेटांना किक्लादीस म्हणतात. ग्रीकमध्ये ‘किक्लोस’ म्हणजे वर्तुळ; दिलोस या पवित्र बेटाभोवती कडं करून असलेली बेटं, असा त्याचा अर्थ. डेकवर उभं राहिलं की कुठल्याही क्षणी दोन-तीन बेटं डोळ्यांना दिसतातच. मागचं बेट निळसर होत पुसट होईपर्यंत पुढचं तपकिरी होऊन स्पष्ट झालेलं असतं. होकायंत्र नसताना माणसं या समुद्रात का हिंडू शकली, हे मला तिथे उभं राहून कळलं. मोठ्या फेरीत आपण काचेआड, एसीत, टीव्हीसमोर बसतो. या सहलीत मला बेटांपेक्षा बेटांमधला समुद्र जास्त मोलाचा वाटला, आणि तो हळू चालणाऱ्या उघड्या बोटीवरूनच दिसतो.

आई मूळची देवगडची. लहानपणी ती मुंबईला आगबोटीने जायची. बोट लांब उभी राहायची आणि पडावातून माणसं, फणस, ट्रंका तिच्यापर्यंत न्यायचे. किया बेटाजवळ पहिल्या संध्याकाळी आम्हाला छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेलं, तेव्हा तिने खलाशाचा हात धरला आणि लाट वर येण्याची वाट पाहून बरोबर त्या क्षणी पाऊल टाकलं. खलाशी बघतच राहिला. साठ वर्षांपूर्वीची ती सवय तिच्या पायांत तशीच होती.

मार्ग कसा होता?

अथेन्सजवळच्या पिरेयसहून निघून किया, सिरोस, तिनोस, मिकोनोस आणि तिथून दिलोस, मग पारोस, शेवटी सांतोरिनी, आणि रात्रभर चालून परत पिरेयस. कागदावर फोलेगांद्रोसही होतं. ते का राहिलं ते पुढे सांगते.

वाऱ्यामुळे कार्यक्रम बदलतो म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, आणि पैसे भरण्याआधी ते मनाने मान्य करून घ्या. एजियन समुद्रावर उन्हाळ्यात उत्तरेकडून कोरडा वारा वाहतो, त्याला मेल्तेमी म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर सर्वाधिक असतो, सप्टेंबर सरत जातो तसा तो ओसरतो. आपल्याकडे वादळ म्हटलं की काळे ढग डोळ्यांसमोर येतात. तिथे आकाश लख्ख निळं, ऊन कडक आणि समुद्र मात्र पांढऱ्या फेसाने भरलेला. पाहणाऱ्याला वाटतं, एवढ्या सुंदर दिवशी बोट का सोडत नाहीत?

तिथली माणसं वाऱ्याचा जोर ‘बोफोर’मध्ये बोलतात. ‘उद्या सात बोफोर’ म्हणजे उद्या घरी बसा. आकडा एका मर्यादेपलीकडे गेला की बंदराचे अधिकारी छोट्या बोटींना सुटूच देत नाहीत. कॅप्टनशी हुज्जत घालून काही होत नाही, घालूही नये. आमच्या बोटीवरच्या काही जणांनी घातली. फोलेगांद्रोस रद्द झाल्याचं कळल्यावर जेवणाच्या खोलीत आवाज चढले. कॅप्टनने शांतपणे सगळ्यांना डेकवर नेलं आणि बंदराच्या तोंडाशी फुटणाऱ्या लाटा दाखवल्या. मग कुणी बोललं नाही.

बोट लागते का?

मला लागली, आईला नाही, नवऱ्याला थोडी. तिनोस ते मिकोनोस हा टप्पा छोटा असूनही सगळ्यात हलवणारा होता. डॉक्टरांना विचारून गोळ्या बरोबर घ्या आणि बोट सुटण्याआधी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. खालच्या केबिनमध्ये जाऊन पडू नका. डेकच्या मध्यभागी बसा, नजर क्षितिजावर ठेवा, पोट अगदी रिकामं ठेवू नका. आम्ही आलेपाकाच्या वड्या नेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्या अर्ध्या बोटीला वाटून संपल्या.

व्हिसाचं काय?

ग्रीस शेंगेन या युरोपीय देशांच्या सामाईक व्हिसागटात आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो; उन्हाळ्यात मुलाखतीच्या तारखा लवकर भरतात, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवा. मोठ्या माणसाची फी २०२४ च्या जूनपासून ९० युरो आहे. निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. बोटीचं आरक्षण आणि रोजचा मार्ग दाखवणारं पत्र आम्ही जोडलं होतं.

एक गोष्ट लोक विसरतात. काही बोटी मधेच तुर्कस्तानच्या किनाऱ्याला लागतात. तसं असेल तर शेंगेनमधून बाहेर पडून परत आत यायचं असतं, म्हणजे एकाहून जास्त वेळा प्रवेशाचा व्हिसा हवा, शिवाय तुर्कस्तानचा वेगळा.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

नाही. माझा नवरा माळकरी घरातला, अंडंही खात नाही. निघण्याआधी त्याने चार किलो सामान भरलं होतं: मेतकूट, चटण्या, दशम्या, खाकरे. त्यातलं निम्मं परत आलं.

ग्रीक लोकांच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्मात उपवासाचे दिवस खूप आहेत: बुधवार, शुक्रवार, ईस्टरच्या आधीचे आठवडे, ऑगस्टचा पहिला पंधरवडा, नाताळापूर्वीचे चाळीस दिवस. नेमाने पाळणाऱ्याचं जवळपास अर्धं वर्ष त्यात जातं. या दिवसांत मांस, अंडी, दूध चालत नाही. उपवासाला चालणाऱ्या पदार्थाला ते ‘निस्तीसिमो’ म्हणतात. हा एक शब्द पाठ करून जा. ‘शाकाहारी’ म्हटलं की वाढपी विचारात पडतो, ‘निस्तीसिमो’ म्हटलं की त्याला आपली आजी आठवते. पण सावध राहा: त्यांच्या उपवासाला कोळंबी, माकूल, ऑक्टोपस चालतात, म्हणून तेही नको हे वेगळं सांगावं लागतं. दुसरा शब्द ‘लादेरा’: ऑलिव्ह तेलात मुरवून शिजवलेल्या भाज्या. भेंडी, फरसबी, वांगं, सगळं त्यात येतं.

आणि सांतोरिनीचा फावा. नावावरून फसू नका, हे इंग्रजीतले फावा बीन्स नव्हेत, ही पिवळी डाळ आहे. शिजवून घोटायची, वर कच्चा कांदा, लिंबू, ऑलिव्ह तेल. नवऱ्याने पहिला घास घेतला आणि म्हणाला, ‘अगं, हे घट्ट वरण आहे.’ तो फार चुकला नव्हता. ज्या कडधान्यापासून फावा करतात ते आपल्या विदर्भातल्या लाखोळीच्याच कुळातलं, तिची सख्खी चुलत बहीण म्हणावी असं. सांतोरिनीवर राखेखाली गाडलेल्या अक्रोतिरी गावाच्या उत्खननात, म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांत, याच दाण्यांचे साठे सापडले आहेत. म्हणजे तेव्हाच्या सांतोरिनीची माणसंही हेच दाणे खात होती.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांना मात्र अवघड जाईल. बोटीच्या स्वयंपाक्याला आधी लेखी कळवा.

दिलोसवर नुसते पडके दगड आहेत ना? अर्धा दिवस तिथे घालवावा का?

मला एकच बेट निवडायला सांगितलं तर मी दिलोस निवडेन.

हे बेट जेमतेम पाच किलोमीटर लांब आणि दीडही किलोमीटर रुंद नाही. मिकोनोसहून बोटीने अर्ध्या तासावर. राखणदार आणि पुरातत्त्वज्ञ सोडले तर तिथे कुणी राहत नाही, पर्यटकाला मुक्काम करता येत नाही. सावली जवळजवळ नाही. टोपी, पाणी आणि चांगल्या तळव्याचे बूट याशिवाय उतरू नका.

ग्रीक पुराणातली कथा अशी: लेतो देवराज झेउसपासून गरोदर होती, पण त्याची बायको हेरा हिच्या धाकाने कुठलीही जमीन तिला बाळंतपणासाठी जागा देईना. शेवटी या ओसाड, तरंगत्या बेटाने तिला थारा दिला, आणि तिथे अपोलो हा देव जन्मला. (त्याची जुळी बहीण आर्तेमिसही तिथलीच म्हणतात.) म्हणून बेट पवित्र. पण पुढे इ. स. पूर्व ४२६ मध्ये अथेन्सने बेट ‘शुद्ध’ करायचं ठरवलं. असतील नसतील ती थडगी उकरून हाडं समोरच्या रेनिया बेटावर नेली आणि फर्मान काढलं, की यापुढे दिलोसवर कुणी जन्मायचं नाही आणि कुणी मरायचं नाही. दिवस भरलेली बाई आणि अखेरचे श्वास घेणारा म्हातारा, दोघांनाही होडीत घालून रेनियाला न्यायचं. गाइडने हे सांगितलं तेव्हा आई एका जोत्यावर बसली होती. ती म्हणाली, ‘मग इथल्या बायकांनी याला आपलं घर म्हणायचं कसं?’ मी ते गाइडला इंग्रजीत सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, की हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता.

मग रोमनांनी इ. स. पूर्व १६६ च्या सुमारास हे करमुक्त बंदर केलं आणि देवाचं बेट व्यापाऱ्यांचं झालं. श्रीमंत घरांच्या फरशा आजही जागेवर आहेत: एका घरात डॉल्फिन, दुसऱ्यात बिबट्यावर बसलेला मद्याचा देव डायोनिसस, दगडाच्या इतक्या बारीक तुकड्यांनी केलेला, की लांबून रंगवलेलाच वाटतो. ही श्रीमंती कशातून आली, तेही गाइडने लपवलं नाही. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्त्राबो लिहितो, की दिलोस दिवसाला दहा हजार गुलामांची देवघेव करू शकत असे. धक्क्यालगतच्या त्या मोकळ्या चौकातून चालताना माझे पाय जड झाले होते. इ. स. पूर्व ८८ मध्ये रोमनांचा शत्रू असलेल्या मिथ्रिदातीस राजाच्या सैन्याने बेट लुटलं, ६९ मध्ये चाच्यांनी, आणि मग ते हळूहळू रिकामं झालं.

मला सगळ्यात जास्त थांबवून ठेवलं ते डोंगराच्या उतारावरच्या परक्या देवांनी. किंथोस डोंगर ११२ मीटरचा, आपल्याकडे टेकडीच म्हणतील. तिथे इजिप्तच्या इसिस देवीचं देऊळ आहे, सीरियातल्या देवांची जागा आहे, खाली बैरुतच्या व्यापाऱ्यांच्या संघाची इमारत आहे, ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. घरापासून लांब धंदा करणाऱ्या माणसांनी आपापला देव बरोबर आणला. आणि काहींनी तिथल्याच देवाला दान दिलं. मला कार्ल्याचं चैत्यगृह आठवलं. तिथल्या खांबांवर ब्राह्मी अक्षरांत दात्यांची नावं कोरली आहेत आणि त्यांत धेनुकाकटचे यवन आहेत. यवन म्हणजे मूळ अर्थाने ग्रीक; हा शब्दच ‘आयोनिया’ या ग्रीक प्रदेशावरून आलेला. खांबावर यवनाचं नाव आणि पुढे ‘थभो दानं’, म्हणजे खांबाचं दान. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणीतरी ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या दर्यावर्दी पुस्तकात कल्याण, सोपारा आणि चौलची नावं येतात. कार्ल्याला मी पाच-सहा वेळा गेले असेन. ते यवन तिथे पोहोचले कसे, हा प्रश्न मला दिलोसच्या उतारावर पहिल्यांदा नीट पडला.

आणखी एक जागा चुकवू नका. नाट्यगृहाच्या खालच्या अंगाला पाण्याचं मोठं दगडी टाकं आहे, वर कमानी असलेलं. प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर पडणारं पावसाचं पाणी वाहत येऊन त्यात साठायचं. आई बाकी सगळं ऐकून घेत होती, इथे मात्र तिने स्वतःहून वाकून आत पाहिलं आणि ‘पाणी आहे गं अजून’ म्हणाली.

गाइड खरंच लागतो, की पुस्तक वाचून चालतं?

ग्रीसमध्ये पुरातत्त्वीय स्थळांवर माहिती सांगण्यासाठी सरकारी परवाना लागतो आणि त्यासाठी रीतसर शिक्षण घ्यावं लागतं. आमची गाइड आठही दिवस बोटीवर आमच्याबरोबर राहिली, हा मोठा फरक. रोज संध्याकाळी अर्धा तास डेकवर ती उद्याचं बेट समजावून द्यायची, आणि जेवताना आपण काहीही विचारू शकत होतो. उन्हात वीस मिनिटं ऐकलेलं माझ्या डोक्यात राहत नाही. रात्री लिंबाचं सरबत पिताना विचारलेलं राहतं. आरक्षण करताना ‘गाइड बोटीवर राहतो की फक्त त्या त्या ठिकाणी भेटतो’ हे जरूर विचारा.

तिनोसला का थांबलात? त्याचं नाव कुणी घेत नाही.

परदेशी पर्यटक घेत नाहीत, ग्रीक माणूस घेतो. तिनोस म्हणजे त्यांची पंढरी. पेलाजिया नावाच्या जोगिणीला दृष्टांत झाले, सांगितलेल्या शेतात खणलं आणि ३० जानेवारी १८२३ रोजी मरियमची प्रतिमा सापडली. ग्रीसचं स्वातंत्र्ययुद्ध तेव्हा सुरू होतं, त्यामुळे ती खूण साऱ्या देशाची झाली. १५ ऑगस्टला तिथे मोठी यात्रा भरते. १९४० साली त्याच दिवशी बंदरात उभी असलेली ‘एली’ ही ग्रीक युद्धनौका इटालियन पाणबुडीने बुडवली. ती गोष्ट आजही तिथे सांगतात.

बंदरापासून चर्चपर्यंत सरळ चढाचा रस्ता आहे. त्याच्या एका कडेने सतरंजीसारखी पट्टी अंथरलेली आहे, आणि नवस फेडायला आलेली माणसं त्या पट्टीवरून गुडघ्यांवर रांगत वर जातात. आम्ही गेलो तेव्हा यात्रा नव्हती, तरी एक पन्नाशीची बाई चालली होती. शेजारून तिचा मुलगा पाण्याची बाटली घेऊन हळूहळू पावलं टाकत होता. माझे सासरे पंचवीस वर्षं वारी करत होते. नवरा रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि त्याने हात जोडले. त्या बाईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि हलकेच मान डोलावली.

आत प्रतिमेभोवती दागिन्यांचा इतका भरणा आहे, की चित्र दिसत नाही. छताला चांदीची छोटी जहाजं टांगलेली, खांबांशी पत्र्याचे डोळे, हात, पाय, तान्ही मुलं. आपण देवीला चांदीचे डोळे वाहतो तेच हे. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हातपाय वाहतात तेच हे. आईने डोळ्यांचा एक जोड घेऊन वाहिला. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. आता ते झालं आहे आणि ती उत्तम वाचते.

सांतोरिनी कसं वाटलं? फोटोत दिसतं तसंच आहे का?

फोटोत दिसतं तसंच आहे, पण फोटोत दिसते ती जागा फार लहान आहे आणि माणसं फार. सूर्यास्तासाठी इया गावात जी गर्दी लोटते तिच्यात आम्ही गेलो नाही, आणि तुम्हालाही मी आग्रह करणार नाही. तिथे क्रूझने येणाऱ्यांवर दिवसाला ८,००० ची मर्यादा ठेवली आहे आणि २०२५ च्या जुलैपासून क्रूझ प्रवाशांवर वेगळा करही लागला, सांतोरिनी आणि मिकोनोसला भर हंगामात २० युरो. तुमच्या बोटीला तो लागतो का, आणि भाड्यात धरलाय का, हे विचारून घ्या.

समुद्रातून येणं मात्र विसरता येणार नाही. सुमारे इ. स. पूर्व १६०० मध्ये ज्वालामुखी फुटला, बेटाचा मधला भाग खचला आणि तिथे समुद्र शिरला. आपण त्या ज्वालामुखीच्या पोटात बोटीने शिरत असतो. भोवती तीनशे मीटर उंच कडे, त्यांत काळे, तांबडे, राखाडी थर, आणि वर माथ्यावर पांढरी गावं. पाणी इतकं खोल, की मोठ्या जहाजांना नांगर टाकता येत नाही. इंजिनाचा आवाज कड्यांवर आपटून परत येत होता आणि डेकवर कुणीही बोलत नव्हतं. जुन्या बंदरातून वर जायला केबल कार आहे. गाढवांवरून जाऊ नका, त्यांच्या पाठी बघवत नाहीत.

वेळ असेल तर तो अक्रोतिरीला द्या. राखेखाली गाडलेलं हे गाव पुरातत्त्वज्ञ स्पिरिदोन मारिनातोस यांनी १९६७ पासून खणायला घेतलं. दुमजली-तिमजली घरं, रस्त्याखालून गटारं, ओळीने उभे रांजण. ज्वालामुखीच्या राखेत गाडलेल्या इटलीतल्या पाँपेईसारखे माणसांचे अवशेष मात्र नाहीत. भूकंपाचे हादरे बसल्यावर गावकरी वेळेत निघून गेले असावेत. २०२५ च्या सुरुवातीला सांतोरिनीला हादऱ्यांमागून हादरे बसले आणि हजारो माणसांनी बेट सोडलं, तेव्हा मला हे वाचलेलं आठवत होतं.

फिरा गावातल्या संग्रहालयात अक्रोतिरीच्या भिंतीवरची निळी माकडं आहेत. मी माकडं म्हणते आहे, पण मराठीत आपण माकड आणि वानर वेगळे मानतो, आणि इथे तो भेद कामाला येतो. काही संशोधकांनी अलीकडे मांडलं आहे, की यातली लांब शेपटी वर वळवून धरणारी जनावरं आफ्रिकेतली नसून भारतातले हनुमान वानर आहेत. सगळ्यांना ते पटलेलं नाही. आई चित्रासमोर उभी राहून म्हणाली, ‘वानरच आहेत. शेपटी बघ की.’

वाऱ्यामुळे वाया गेलेल्या दिवसाचं काय केलंत?

पारोसला अडकलो होतो. गाइडने विचारलं, कुणाला जुन्या संगमरवराच्या खाणी पाहायच्या आहेत का? खाणींच्या गावाचं नाव तिने सांगितलं आणि आम्ही तिघंही उठून उभे राहिलो. गावाचं नाव मराथी. ग्रीक अक्षरांत पाटीवर तसंच लिहिलेलं. आपल्या भाषेशी त्याचा काही संबंध नाही. ‘माराथो’ म्हणजे बडीशेप, मॅरॅथॉन या गावाचं नावही तिच्यावरूनच. तरीही त्या पाटीखाली काढलेला फोटो आमच्या घरात सगळ्यात जास्त पाहिला जातो.

खाणी जमिनीखाली तिरक्या उतरत जातात. तिथला दगड दिव्याच्या उजेडात काढायचे म्हणून त्याला ‘लिक्नितीस’ म्हणत, लिक्नोस म्हणजे दिवा. गाइडने हातातल्या एका पातळ कपचीमागे टॉर्च धरली आणि दगड आतून उजळला, साईसारखा. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातली समोथ्राकीची पंखवाली विजयदेवता पारोसच्याच संगमरवराची आहे. वारा नसता तर आम्ही इथे आलोच नसतो.

वयस्कर माणसांना जमेल का?

गुडघे बरे असतील तर जमेल. रोज फळीवरून ये-जा, केबिनला जाण्यासाठी उभट जिना, बेटांवर गुळगुळीत दगडी पायऱ्या. आई काठी घेऊन गेली होती आणि दोन चढ तिने सोडले. सिरोसला आम्ही वर आनो सिरोसच्या गल्ल्यांत गेलो तेव्हा ती खाली एर्मूपोलीच्या चौकात लोकूमी नावाची मिठाई खात बसली होती. शेजारच्या ग्रीक आजींशी तासभर ‘बोलली’ म्हणे. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

केबिन आणि बाथरूम?

दोन पलंग, एक कपाट, एक गोल खिडकी. खालच्या मजल्यावर इंजिनाचा आवाज येतो. शौचालयात कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. हा नियम बेटांवरही बहुतेक सगळीकडे आहे, सांडपाण्याचे नळ अरुंद असतात. पाण्यासाठी एक मग बरोबर न्या. प्यायचं पाणी बाटलीतलं घ्या. मोठी कडक सूटकेस नेऊ नका, ठेवायला जागा नसते. मऊ बॅग पलंगाखाली सरकते. चर्च-मठांसाठी खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. आईची नऊवारी सगळीकडे चालली.

काही खटकलं का?

हो. ज्यांच्याकडून आरक्षण केलं त्यांनी ‘सगळं धरून’ सांगितलं होतं. बोटीवर गेल्यावर बंदर शुल्क, दोन ठिकाणांची तिकिटं आणि शेवटी खलाशांसाठीचं पाकीट, हे सगळं वेगळं निघालं. खलाशांना देताना काही वाटलं नाही, त्यांनी ते कमावलं होतं. पण आधी सांगायला हवं होतं. किंमत विचारताना काय धरलेलं नाही, याची यादी लेखी मागा.

कोल्हापुरातला पोसायडन तिथला का?

हा प्रश्न फक्त कोल्हापूरकर विचारतात, पण सारखा विचारतात. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती आपल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. रोमन काळातल्या व्यापारातून ती पंचगंगेकाठी आली. शाळेच्या सहलीत मी ती पाहिली होती, वीतभर उंचीची, आणि तेव्हा काही वाटलं नव्हतं.

परतीच्या पहाटे बोट सूनियोच्या भूशिराजवळून जाते. कड्यावर पोसायडनचं देऊळ आहे, इ. स. पूर्व पाचव्या शतकातलं, पांढऱ्या खांबांचं. अथेन्सला परतणाऱ्या खलाशाला घराची पहिली खूण ती दिसायची. कॅप्टनने आम्हाला साडेपाचला उठवलं होतं. आई शाल गुंडाळून बोटीच्या पुढच्या टोकाशी उभी होती. खांबांवर ऊन आलं तेव्हा ती म्हणाली, ‘आपल्याकडे ठेवलाय तो एवढासा. आणि घर बघ त्याचं.’ परत आल्यावर पहिल्या रविवारी आम्ही तिघं टाउन हॉलला गेलो.

पुन्हा जाल का?

फोलेगांद्रोससाठी जायचं आहे. सांतोरिनीहून परत येताना संध्याकाळी ते डावीकडे दिसलं. कड्याच्या अगदी कडेला गाव, एकामागून एक दिवे लागत होते, त्याच्याही वर उजळलेलं एक पांढरं चर्च. वारा पडला होता. तासभर ते आमच्या बाजूने सरकत राहिलं, आणि दिवे दिसेनासे होईपर्यंत कुणी जेवायला खाली गेलं नाही.